कवचाचा हिशेब

१९६० च्या जानेवारीत नील्स बोर मद्रासला आले होते. अणूच्या रचनेचे चित्र जगाला देणारे बोर तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. या भारतभेटीत त्यांनी तुर्भ्याला होमी भाभांनी उभारलेला अणुऊर्जेचा मोठा पसारा पाहिला. मद्रासमध्ये त्यांनी पाहिला तो मैलापूरच्या ‘एकाम्र निवास’ या घरात भरणारा एक वर्ग. प्रयोगशाळा नाही, सरकारी मंजुरी नाही. अल्लाडी रामकृष्णन नावाचे एक प्राध्यापक आणि त्यांचे मूठभर विद्यार्थी. भारतात आपल्या मनावर कशाचा ठसा उमटला हे पत्रकारांना सांगताना बोर यांनी दोनच गोष्टींची नावे घेतली. एक तुर्भे, दुसरी हा वर्ग.

त्या घरात नव्या मूलकणांपासून गणितातल्या यादृच्छिक प्रक्रियांपर्यंत बरेच काही शिकवले जाई. पण रामकृष्णन यांचे नाव ज्या कामामुळे झाले होते ते दहा वर्षे जुने होते आणि त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता. वेगाने धावणारा विद्युतभारित कण एखाद्या पदार्थात शिरला, तर पलीकडे काय आणि किती बाहेर पडते? ते काम झाले तेव्हा स्पुटनिक उडायला बराच अवकाश होता. आज उपग्रह बांधणाऱ्या प्रत्येक चमूला, माणसाला चंद्राकडे पाठवू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेला हाच प्रश्न सोडवावा लागतो. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा तुकडा मद्रासच्या माणसाने मांडला, हे चेन्नईत राहणाऱ्यांनाही फारसे ठाऊक नसते.

आधी भिंतीचे काय ते पाहू.

अवकाशयानाची भिंत बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते. तिच्यावर आदळणाऱ्या कणांची ऊर्जा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. या क्षेत्रातले लोक त्याला थोडक्यात एमईव्ही म्हणतात. १० एमईव्हीचा प्रोटॉन अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण ०.६ मिलिमीटर आत जाऊन थांबतो. ५० एमईव्हीचा प्रोटॉन थांबवायला ११ मिलिमीटर लागतात आणि १०० एमईव्हीच्या प्रोटॉनला ३७. म्हणजे ऊर्जा दसपट झाली की भिंत साठपट जाड करावी लागते. आकाशगंगेतून येणाऱ्या विश्वकिरणांत १,००० एमईव्हीच्या आसपासचे प्रोटॉन भरपूर असतात आणि त्यांना अडवायला दीड मीटर अ‍ॅल्युमिनियम हवे. एवढे वजन कोणतेच रॉकेट उचलत नाही. त्यामुळे हे कण आत येणारच, हे गृहीत धरून पुढचा विचार करावा लागतो.

जाडीचा हिशेब इथे मिलिमीटरपेक्षा ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये करतात, कारण कणाला अडवते ते वाटेत आलेले द्रव्य. एक मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम म्हणजे ०.२७ ग्रॅम. पृथ्वीवर आपल्या डोक्यावर जी हवा आहे ती याच मापाने हजार ग्रॅमहून अधिक भरते. समुद्रसपाटीवरचा माणूस विश्वकिरणांपासून निर्धास्त असतो तो मुख्यतः या हवेच्या जोरावर.

कण आत येतो तो जसा होता तसा येत नाही, आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. भारित कण मंदावत जातो तसा वाटेत प्रत्येक मिलिमीटरला अधिकाधिक ऊर्जा सांडतो आणि थांबण्याच्या अगदी आधी सर्वांत जास्त. कर्करोगावर प्रोटॉनचा उपचार करणारे डॉक्टर याच गुणाचा फायदा घेतात. यानाच्या भिंतीने मात्र एखाद्या कणाला नुसते मंद करून आत सोडले, तर तो नेमका इलेक्ट्रॉनिक चिपमध्ये किंवा माणसाच्या पेशीत आपली उरलीसुरली ऊर्जा रिकामी करू शकतो. इलेक्ट्रॉनांचे वागणे वेगळे. ते धातूत करकचून थांबतात तेव्हा क्ष-किरण सोडतात, आणि धातू जितका जड अणूंचा तितके हे क्ष-किरण जास्त. आणि खूप वेगवान प्रोटॉन किंवा लोहासारखे जड केंद्रक भिंतीतल्या केंद्रकावर आदळले, तर दोन्हींचे तुकडे होतात. त्या तुकड्यांत न्यूट्रॉनही असतात. त्यांना विद्युतभार नसल्यामुळे ते अ‍ॅल्युमिनियममधून सहज पार होतात.

भिंत जाड केली की आतले कण वाढतात, हे पहिल्यांदा मोजले इटलीच्या ब्रूनो रॉसी यांनी, १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत. कण मोजणाऱ्या नळ्यांवर त्यांनी शिशाचे पत्रे एकेक करून ठेवले. नळ्या एकाच क्षणी एकदम वाजण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढत गेले, दीडदोन सेंटिमीटर शिशाला शिखरावर पोहोचले आणि मग उतरू लागले. या आलेखाला पुढे रॉसी वक्र म्हणू लागले. भिंतीचा किरणोत्सर्गावर होणारा परिणाम प्रयोगाने मोजल्याचे इतके स्वच्छ उदाहरण त्याआधीचे क्वचितच सापडेल.

त्याची कारणमीमांसा १९३७ मध्ये मिळाली, आणि ती देणाऱ्यांपैकी एक होते केंब्रिजमध्ये काम करणारे सत्तावीस वर्षांचे मुंबईकर होमी भाभा. भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले, की वेगवान इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळून जाताना फोटॉन सोडतो. त्या फोटॉनपासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. ते दोघे पुन्हा फोटॉन सोडतात. एकाचे दोन, दोनाचे चार असे करत वर्षाव दाटत जातो आणि ऊर्जा वाटली जाऊन पुरेनाशी झाली की ओसरतो. अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर त्याच वर्षी स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. रॉसीचा चढता-उतरता आलेख आता समजण्याजोगा झाला.

पण भाभा-हाइटलर यांचे गणित सरासरीचे होते. इतक्या जाडीच्या पत्र्याखाली सरासरी दहा कण निघतील, हे ते सांगू शके. प्रत्यक्षात एका वेळी चार निघतात, दुसऱ्या वेळी पंचवीस. ही विखुरणी किती असावी? भाभा आणि हाइटलर यांनी सुरुवातीला पॉयसाँचा नियम गृहीत धरला. कण एकमेकांशी संबंध नसल्यासारखे येतात असे मानले, की हा नियम लागू पडतो. मात्र वर्षावातले कण एकमेकांची भावंडे असतात. पहिल्या मिलिमीटरमध्येच मूळ इलेक्ट्रॉनाने मोठा फोटॉन सोडला तर सगळा वंश लवकर फोफावतो. तो क्षण लांबला तर सगळाच वंश उशिरा येतो. एकाचे नशीब दुसऱ्याच्या नशिबाला बांधलेले. म्हणून खरी विखुरणी पॉयसाँच्या अंदाजापेक्षा मोठी निघते. मग ती नेमकी किती, या प्रश्नाने पुढची दहाबारा वर्षे भल्याभल्यांना थकवले.

दरम्यान १९३९ साली भाभा सुट्टीवर भारतात आले आणि महायुद्धामुळे इथेच राहिले. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ते विश्वकिरणांवर काम करू लागले. जागाही या कामाला फार अनुकूल होती. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हेही एक कवचच आहे. ते कमी ऊर्जेच्या भारित कणांना वळवून परत पाठवते. याकोब क्ले या डच शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये जावा ते नेदरलँड्स या सागरी प्रवासात उपकरण सोबत नेले, तेव्हा विषुववृत्ताजवळ विश्वकिरण कमी पडतात हे त्यांना आढळले. दक्षिण भारत चुंबकीय विषुववृत्तालगत येतो आणि इथे हे कवच जगातल्या सर्वांत भक्कम ठिकाणांपैकी एक आहे. साधारण १७,००० एमईव्हीपेक्षा कमी ऊर्जेच्या प्रोटॉनला इथे वरून सरळ खाली उतरता येत नाही. रॉबर्ट मिलिकन १९३९-४० च्या हिवाळ्यात फुगे आणि उपकरणे घेऊन अमेरिकेहून भारतात आले ते याचसाठी.

१९४३ मध्ये भाभांचे मद्रासला व्याख्यान झाले. श्रोत्यांत रामकृष्णन होते, तेव्हा विशीतले. वडील सर अल्लाडी कृष्णस्वामी अय्यर हे मद्रासचे नामांकित वकील, पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे सदस्य. मुलगाही वकिलीकडे जाईल अशीच सगळ्यांची धारणा होती. त्या व्याख्यानाने तो भौतिकीकडे वळला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाला. भाभांनी त्याच्यापुढे ठेवला तो विखुरणीचा प्रश्न.

रामकृष्णन यांनी काढलेली वाट आजही वाचताना आनंद देते. अडचण अशी होती, की कणाची ऊर्जा कोणतीही असू शकते. ती पायऱ्यांनी बदलत नाही, सलग बदलते. नेमक्या अमुक ऊर्जेचे किती कण आहेत, असे विचारले तर उत्तर शून्य येते. त्यांनी ऊर्जेची अगदी चिमुकली फट घेतली. एवढ्या लहान फटीत एकापेक्षा जास्त कण असण्याची शक्यता सोडून देता येते. म्हणून तिथली कणांची सरासरी संख्या आणि तिथे एक कण असण्याची संभाव्यता एकच होते. मग दोन वेगळ्या फटी घ्यायच्या आणि दोन्हींत एकदम कण असण्याची संभाव्यता काढायची. भावंडांचे नाते नेमके या दुसऱ्या संख्येत उतरते. तीन फटी, चार फटी, हवे तितके पुढे जाता येते. या राशींना त्यांनी ‘प्रॉडक्ट डेन्सिटी’ असे नाव दिले. १९५० साली हा शोधनिबंध केंब्रिजच्या फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी भाभांनीही याच प्रश्नावर रॉयल सोसायटीत लिहिले आणि दोघांचा मिळून एक लेख भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. १९५१ मध्ये मँचेस्टरहून पीएचडी घेऊन रामकृष्णन मद्रासला परतले ते विद्यापीठात शिकवण्यासाठी.

पुढची गोष्ट मद्रासच्या शैक्षणिक इतिहासात अनेकदा सांगितली गेली आहे, म्हणून थोडक्यात. १९५७-५८ मध्ये प्रिन्स्टनला ओपेनहायमर यांच्या संस्थेत राहून आल्यावर रामकृष्णन यांनी घरचा वर्ग सुरू केला. बोर यांच्या भेटीनंतर राज्याचे शिक्षणमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी विषय नेहरूंपर्यंत नेला. ३ जानेवारी १९६२ रोजी प्रेसिडेन्सी कॉलेजात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसचे, म्हणजे मद्रासकरांच्या ‘मॅटसायन्स’चे, उद्घाटन झाले. संस्था आज तरमणीला आहे. तिच्या शेजारच्याच आयआयटी मद्रासमध्ये एस. के. श्रीनिवासन यांनी हा धागा पुढे नेला. वर्षावांच्या यादृच्छिक गणितावरचे त्यांचे पुस्तक १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

विखुरणीला इतके महत्त्व का, हे उपग्रहांनी नंतर दाखवले. किरणोत्सर्गाचे नुकसान दोन तऱ्हांनी होते. एक हळूहळू साचणारे. सौर पट्ट्या निस्तेज होतात, ट्रान्झिस्टर झिजतात, पेशींवर मात्रा चढत जाते. तिथे सरासरी पुरते. दुसरे एका फटक्यात होणारे. एकच जड केंद्रक चिपमधून गेले आणि वाटेत त्याने पुरेसा विद्युतभार मोकळा केला, तर स्मृतीतला शून्य एक होतो किंवा सगळे मंडलच अडकते. ऊर्जा सांडण्याचे प्रमाण कणाच्या भाराच्या वर्गानुसार वाढते, म्हणून २६ भाराचे लोहकेंद्रक त्याच वेगाच्या प्रोटॉनच्या ६७६ पट ऊर्जा सांडते. विश्वकिरणांत अशी जड केंद्रके शेकडा एकच असतात. तरी आज तो एक कण आपल्या चिपला भेटेल का, याचे उत्तर सरासरीत सापडत नाही.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या भारित कणांच्या, म्हणजे व्हॅन अ‍ॅलन, पट्ट्यांची हकीकतही इथेच सांगायला हवी. ३१ जानेवारी १९५८ रोजी उडालेल्या एक्सप्लोरर-१ मध्ये जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांनी गायगर नळी ठेवली होती. कक्षेच्या उंच भागात ती मोजणी अचानक शून्य दाखवू लागली. कण नाहीत म्हणून नव्हे, इतके आहेत की नळीला दोन टोल्यांमध्ये सावरायला वेळच मिळत नव्हता. त्याच वर्षी जुलैत गेलेल्या एक्सप्लोरर-४ मध्ये एका नळीभोवती शिसे लावले गेले. एक झाकलेली, एक उघडी. दोन्हींच्या आकड्यांतल्या फरकावरून कणांची ऊर्जा ताडायची. कवच इथे मोजमापाचे साधन झाले. मग ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिकवर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला, आणि दुसऱ्या दिवशी उडालेला टेलस्टार हा दूरसंचार उपग्रह त्या स्फोटाने ओतलेल्या इलेक्ट्रॉनांत सापडला. नोव्हेंबरमध्ये तो मुका झाला, जानेवारीत तंत्रज्ञांनी त्याला जागे केले, फेब्रुवारीत तो कायमचा गेला.

भारताची स्वतःची मोजमापे उशिरा आली, पण त्यांत कल्पकता होती. मुंबईच्या टाटा संस्थेतल्या सुकुमार बिस्वास यांच्या गटाने बांधलेले ‘अनुराधा’ हे उपकरण २९ एप्रिल १९८५ रोजी चॅलेंजर यानातून, स्पेसलॅब-३ सोबत, आठवडाभराच्या प्रवासाला गेले. आत सीआर-३९ या प्लास्टिकचे पातळ पत्रे एकावर एक रचलेले होते. भारित कण प्लास्टिकमधून गेला की त्याची वाट दुखावते. नंतर पत्रा सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात भिजवला की तिथे शंकूच्या आकाराचे खड्डे उमटतात, आणि खड्ड्याच्या मापावरून कण कोण होता ते ओळखता येते. पण प्लास्टिकला वेळ कळत नाही. म्हणून खालचा थर वरच्या थराखाली मोटरने अगदी सावकाश, टप्प्याटप्प्याने फिरवला. वरची आणि खालची खूण किती सरकली यावरून कण केव्हा आला ते समजे. त्यावरून यान तेव्हा पृथ्वीच्या कोणत्या भागावर होते, तिथले चुंबकीय कवच किती जाड होते, आणि एवढ्या कमी ऊर्जेचा कण ते भेदून कसा आला, हे सगळे उलगडे. काही कणांचे सगळे इलेक्ट्रॉन गळालेले नाहीत, भार कमी असल्यामुळे त्यांना चुंबकीय क्षेत्र कमी वळवते, हा त्या प्रयोगाचा महत्त्वाचा निष्कर्ष.

चेन्नईच्या उत्तरेला ८० किलोमीटरवर श्रीहरिकोटा आहे. तिथून २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ उडाले, तेव्हा त्यात बल्गेरियाचे ‘रॅडॉम’ हे दोनशे ग्रॅमहूनही हलके उपकरण होते. ०.३ मिलिमीटर जाडीचा सिलिकॉनचा तुकडा, त्यात सांडलेली ऊर्जा मोजणारे मंडल, बस. उड्डाणानंतर काही तासांतच ते सुरू झाले. चांद्रयान लांबट कक्षांतून घिरट्या घेत वर चढत होते, त्यामुळे ते पट्ट्यांतून पुन्हापुन्हा गेले आणि रॅडॉमने त्यांचा नकाशाच काढला. प्रोटॉनांची दाटी सुमारे ७,००० किलोमीटर उंचीवर, इलेक्ट्रॉनांची २२,००० किलोमीटरवर. चंद्राभोवती १०० किलोमीटरच्या कक्षेत मात्रा ताशी साडेनऊ मायक्रोग्रे इतकी स्थिरावली. २००९ च्या मे महिन्यात यान २०० किलोमीटरवर नेले तेव्हा ती पावणेअकराच्या आसपास गेली. सूर्य तेव्हा फार शांत होता आणि विश्वकिरण वाढतच होते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण खुद्द चंद्र. वर गेल्यावर आकाशाचा कमी भाग त्याच्या आड राहतो. सगळ्यांत मोठी भिंत तो चंद्रगोलच होता.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहूनच गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटमध्ये टाटा संस्थेने बांधलेला भारित-कण निरीक्षक आहे. सिझियम आयोडाइडचा एक सेंटिमीटर बाजूचा घन. कण आला की तो चमकतो आणि फोटोडायोड ती चमक मोजतो. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दुबळे आहे आणि पट्ट्या खाली झुकतात. यान तिथे शिरले की हा घन इशारा देतो आणि बाकीच्या नाजूक शोधकांचा उच्च व्होल्टेज उतरवला जातो. कक्षाही विषुववृत्ताशी फक्त सहा अंश कललेली निवडली, म्हणजे त्या प्रदेशाचा गाभा टळतो. कवचाला वजन पडते. वेळेवर डोळे मिटायला जवळजवळ काहीच पडत नाही.

चेन्नईतली पोरेही या वाटेला लागली. आयआयटी मद्रासच्या विद्यार्थ्यांनी ‘आयआयटीएमसॅट’ या छोट्या उपग्रहाची आखणी केली ती प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन मोजण्यासाठीच. त्यांच्या शोधकाचे नाव ‘स्पीड’. व्हॅन अ‍ॅलन पट्ट्यांतले कण कमी कंप्रतेच्या विद्युतचुंबकीय लहरींशी ताल जुळला की आपली जागा सोडून ६०० ते ९०० किलोमीटर उंचीवर उतरतात. ते उतरणे पकडायचे. दिवसाला एक मेगाबाइट माहिती खाली आणायची होती. छोट्या उपग्रहाला ही मागणी जड होती, म्हणून त्यांनी उपग्रहाने सतत प्रक्षेपण करावे आणि ठिकठिकाणच्या स्वस्त केंद्रांनी ते झेलून इंटरनेटवरून मुख्य संगणकाकडे पाठवावे, अशी योजना मांडली. अशा शोधकाची खरी कसोटी त्याच्या स्वतःच्या भिंतीत असते. खिडकीतून आलेला कमी ऊर्जेचा कण आणि बाजूचा पत्रा फोडून आलेला, वाटेत मंदावलेला जास्त ऊर्जेचा कण, दोघेही आत सारखीच खूण सोडू शकतात. भिंतीचा हिशेब पक्का नसेल तर मापही पक्के नाही.

हा हिशेब आज संगणक करतो. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेभोवती जमलेल्या आंतरराष्ट्रीय गटाने १९९८ च्या डिसेंबरात ‘जिऑन्ट-४’ ही प्रणाली खुली केली आणि जगभर ती वापरली जाते. यानाचा आराखडा, प्रत्येक भागाचे द्रव्य, बाहेरचा कणांचा मारा हे सगळे तिला द्यायचे. मग ती एकेक कण सोडते, प्रत्येक टकरीला फासे टाकते, जन्मलेल्या प्रत्येक तुकड्याचा माग काढते. असे कोट्यवधी कण सोडले की सरासरी मिळते आणि विखुरणीही. रामकृष्णन यांच्या पिढीने कागदावर सोडवलेल्या प्रश्नांना आता कोणीही रात्रभर यंत्र चालवून उत्तर काढतो. तरीही त्यांचे सूत्र निकामी झालेले नाही. फासे टाकून आलेले उत्तर बरोबर आहे का, हे पडताळायला सोप्या प्रकरणांची काटेकोर गणिती उत्तरे लागतातच.

गणिताला प्रत्यक्ष मोजमापाची जोड नसेल तर काय, याचे उत्तर गेल्या पंधरा वर्षांत भरपूर मिळाले. २०११-१२ मध्ये क्युरिऑसिटी मंगळाकडे जात असताना तिच्या पोटातले उपकरण चालूच होते. विश्वकिरणांची समतुल्य मात्रा दिवसाला १.८ मिलिसिव्हर्ट भरली. तिच्याभोवतीचे कवच सगळीकडे सारखे नव्हते, म्हणून आकडा वाचायलाही पुन्हा संगणकीय प्रतिकृतीच लागली. चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानावर माणसाच्या ऊतीसारखे प्लास्टिक शोधकांच्या मध्ये ठेवून पाहिले. हायड्रोजन भरपूर असलेले हलके प्लास्टिक त्याच वजनाच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा चांगले काम करते, हे तिथे अवकाशातच सिद्ध झाले. नासाच्या संशोधकांनी २०१७ साली मांडलेला निष्कर्ष तर रॉसीची आठवण करून देतो. विश्वकिरणांपुढे अ‍ॅल्युमिनियमचे कवच सुमारे २० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, जाड होईपर्यंत फायदा देते. त्यापुढे दुय्यम कणांमुळे मात्रा पुन्हा वर सरकू लागते.

२०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आर्टेमिस-१ मोहिमेत ओरायन यान माणसांविना चंद्राला फेरी घालून आले, आत मोजणी यंत्रे आणि दोन कृत्रिम देह घेऊन. प्रोटॉनच्या पट्ट्यातून जाताना सर्वांत झाकलेल्या आणि सर्वांत उघड्या जागेतल्या मात्रेत चौपट फरक दिसला. आणि पट्ट्यात असतानाच यान नव्वद अंशांत वळले तेव्हा मात्रा निम्म्याने उतरली. एक ग्रॅमही वजन न वाढवता. अशी माहिती केवळ प्रतिकृतीतून मिळाली असती तर तिच्यावर किती अभियंत्यांनी विश्वास टाकला असता, सांगता येत नाही.

जड केंद्रकांपुढे मात्र यान वळवून उपयोग नाही. ती सगळ्या दिशांनी येतात. म्हणून तिथे उपाय चिपच्या आत करतात. स्मृतीत जादा बिट ठेवून चूक ओळखायची आणि दुरुस्त करायची, एकच हिशेब तीन मंडलांकडून करवून बहुमत घ्यायचे, अशा या युक्त्या. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी आयआयटी मद्रास आणि इस्रोने ‘आयरिस’ या चिपची घोषणा केली. आयआयटीतच घडलेल्या ‘शक्ती’ या ६४ बिटांच्या प्रोसेसरवर ती उभी आहे आणि बिघाड सोसून चालत राहावे अशी तिची रचना आहे. मागणी तिरुवनंतपुरमच्या इस्रो जडत्वीय प्रणाली केंद्राची. चिप घडली चंदीगडजवळच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, १८० नॅनोमीटरच्या जुन्या, भरवशाच्या पद्धतीने. इतक्या मोठ्या ट्रान्झिस्टरातला बिट उलटवायला कणालाही जास्त विद्युतभार मोकळा करावा लागतो. मदरबोर्डवर सुटे भाग बसवण्याचे काम चेन्नईच्याच सिर्मा एसजीएस या कंपनीत झाले.

या चिपवर आधारलेले उपकरण प्रत्यक्ष उड्डाणात तपासण्याचा इरादा इस्रोने तेव्हाच सांगितला. अशा चाचणीत चिपची स्मृती ठरावीक वेळाने वाचतात, उलटलेले बिट मोजतात, यान तेव्हा कुठे होते ते नोंदवतात आणि आकडे प्रतिकृतीच्या अंदाजापुढे मांडतात. रोजच्या चुकांची सरासरी जुळली, पण दिवसादिवसांतली विखुरणी जुळली नाही, तर यानाच्या भिंतीचा आराखडा पुन्हा संगणकात घालून सुरुवातीपासून कण सोडावे लागतात.